मागे कुणी नाही

भाड्याच्या सायकलीच्या डाव्या मुठीला मी पुण्याहून नेलेला छोटा गोल आरसा बसवला, तेव्हा सायकलवाल्याने मान तिरकी करून तो बघितला आणि काही न बोलता हसला. पुण्यात हा आरसा उजवीकडे असतो. फ्रान्समध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे मागून येणारं धूड आपल्या डाव्या अंगाने पुढे जाणार, म्हणून आरसाही डावीकडे. इतका विचार करून बसवलेल्या आरशात पुढचे दोन दिवस मला झाडं, पाणी आणि मागून येणाऱ्या ताई एवढंच दिसलं.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. मिरजेला शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, वय ६१. मी ५५. आम्ही दोघी सायकल चालवतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याची किंमत सकाळच्या फिरण्याइतकीच. ताईंची लेक पॅरिसजवळ नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "आई, तू आणि मामी इकडे या, इथे गाड्या नसलेल्या वाटा आहेत." ताईंनी लगेच विचारलं, "नसलेल्या म्हणजे? बंदी आहे, की येतच नाहीत?"

प्रश्न अगदी बरोबर होता, कारण दोन्ही प्रकार निघाले. काही वाटांवर मोटारींना खरोखर बंदी असते. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उखडून केलेली वाट असेल तर तिला ते 'व्ह्वा व्हेर्त', हिरवी वाट म्हणतात; अशी पहिली वाट १९९७ साली बर्गंडीत झाली, जिव्री ते क्लुनी. कालव्याच्या काठाने जाणारी वाट असेल तर ती मुळात बोटी ओढण्यासाठी केलेली, घोड्यांनी आणि माणसांनी दोर खांद्यावर घेऊन तुडवलेली. दुसरा प्रकार खेड्याखेड्यांना जोडणाऱ्या बारक्या रस्त्यांचा. तिथे बंदी वगैरे नाही, कुणी येतच नाही. कागदी नकाशात असे रस्ते बारीक आणि पांढरे असतात. कडेच्या दगडाचं डोकं पिवळं असलं, की तो जिल्ह्याच्या अखत्यारीतला रस्ता, असं समजायचं.

लेकीने आधी लुआर नदीकाठचा प्रसिद्ध मार्ग सुचवला होता. ताई म्हणाल्या, सगळे जातात तिथे आपण आणखी गर्दी कशाला करायची. मग नकाशावर बोट फिरवता फिरवता निव्हर्ने कालवा सापडला. ओसेर गावापासून दसीझपर्यंत, १७४ किलोमीटर. ताईंना तो आवडला त्याचं कारण भूगोलाचं. ओसेरची यॉन नदी सेनला मिळते आणि सेन पॅरिसमधून इंग्लिश खाडीला जाते. दसीझ लुआरवर आहे, ती अटलांटिकला जाते. "म्हणजे हा कालवा पाणलोटाची धार ओलांडतो," त्या म्हणाल्या, "आणि पाणी काही उडी मारत नाही. मध्ये कुठेतरी जिना असणार. तो बघायचा."

व्हिसाच्या अर्जाला मात्र आमची ही हौस पेलेना. रोज रात्री कुठे झोपणार, ते त्यांना आधी हवं. सायकलवर निघालेल्या माणसाचा तोच तर गोंधळ असतो, वारा समोरून आला की मुक्काम अलीकडे येतो. तंबू घेऊन वाटेल तिथे थांबायचा बेत आम्ही सोडला आणि गावोगावच्या घरगुती खोल्या एकेका रात्रीसाठी आधीच ठरवून टाकल्या, सहा दिवसांच्या. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमाही त्याच फाइलमध्ये गेला. तयारी म्हणून आम्ही दोघी कॅरिअरला तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या बांधून खडकवासला आणि एकदा पानशेतपर्यंत जाऊन आलो. चहाच्या टपरीवाल्याला वाटलं आम्ही तांदूळ विकतोय.

खाण्याचं सामान: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी. तूप नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने युरोपात दूधदुभत्याचे पदार्थ आणायचे नसतात, हे कळल्यावर ताई दोन दिवस नाराज होत्या.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून ओसेरला गाडी जाते. मे महिन्याचा शेवट, शुक्रवार. सायकली ओसेरलाच ठरवल्या होत्या आणि सहा दिवसांनी सायकलवाला दसीझला व्हॅन घेऊन येणार होता. आरसा लावून झाला, पिशव्या अडकवून झाल्या, आणि दहाव्या मिनिटाला आम्ही शहराबाहेर पाण्याच्या काठावर होतो. रिंग रोड नाही, पेट्रोल पंपांची रांग नाही, गोदामं नाहीत. नदी जिथून शहरात शिरते तिथूनच वाटही शिरते, त्यामुळे शहराचं ते नेहमीचं घाणेरडं कुंपण ओलांडावंच लागत नाही. या मार्गाची सगळ्यात मोठी सोय मला विचाराल तर ही.

आता शांततेचं सांगते. पहिल्या दिवशी ती मला आवडली नाही. सिंहगड रस्त्यावर चाळीस वर्षं काढलेल्या कानाला हॉर्न म्हणजे धोका नव्हे, हॉर्न म्हणजे माहिती. मागे कोण आहे, किती मोठा आहे, किती चिडलाय, ते त्यातून कळतं. इथे काहीच कळेना. मी दर मिनिटाला आरशात बघत होते आणि आरसा रिकामा दिसला की खांदे आणखी आखडत होते. संध्याकाळी माय्यी-ला-व्हीलला पोचलो तेव्हा फक्त तीस-एक किलोमीटर झाले होते, चढ असा नव्हताच, तरी माझी मान अशी धरली होती की ताईंनी रात्री बाम चोळून दिला. "तू सायकल चालवत नाहीयेस," त्या म्हणाल्या, "तू पहारा करतेयस."

दुसऱ्या दिवशी कधीतरी कान उघडले. सोस्वाचे चुनखडीचे उंच कडे यॉनच्या काठावर उभे आहेत, तिथे दोर लावून चढणारी पोरं होती आणि त्यांचं बोलणं नदीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होतं. बेडूक ऐकू आले. एक पक्षी लाकडी घड्याळातल्यासारखा 'कुक्कू, कुक्कू' करत होता. मला आधी कुणाच्या तरी घरातलं घड्याळच वाटलं. ताईंनी सांगितलं, हा आपल्या पावशाच्याच गोतातला. शातेल-सांस्वारपाशी व्हेझलेकडे वळणारी पाटी लागली. तिथल्या टेकडीवरचं बॅसिलिका जागतिक वारशाच्या यादीत आहे. ताईंनी टेकडीकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "कळसाला नमस्कार, चला पुढे." कळस दिसत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आपण ज्याला लॉक म्हणतो, मराठीत जलपाश, ती कालव्यातली दारांची हौदासारखी खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, पुढचं दार उघडायचं. या कालव्यावर अशी शंभराहून अधिक आहेत आणि बरीचशी अजून हाताने फिरवायच्या दांड्यावर चालतात. एका ठिकाणी लॉक सांभाळणारी विशीतली मुलगी एकटीच दांडा फिरवत होती. ताईंनी सायकल लावली, मोठ्याने "बाँझूर" म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूचा दांडा धरला. हे "बाँझूर" फार महत्त्वाचं आहे. आधी ते म्हणायचं, मग प्रश्न विचारायचा. मी ओसेरच्या दुकानात थेट "पाव आहे का" विचारलं, तर बाईंनी माझ्याकडे बघून सावकाश "बाँझूर, मादाम" म्हटलं आणि मी ते परत म्हणेपर्यंत पावाला हात लावला नाही.

आता हा कालवा इतका रिकामा का? याचं उत्तर मला लॉकच्या लांबीत सापडलं. १८७९ साली फ्रान्सने मोठ्या कालव्यांच्या लॉकचं माप ठरवलं, लांबी ३९ मीटर. निव्हर्नेच्या दोन्ही टोकांना ते काम झालं, पण मधला सार्दी ते सेर्सी-ला-तूरचा भाग जुन्याच ३० मीटरवर राहिला. म्हणजे मोठी मालबोट सलग पार जाऊच शकत नव्हती. धंदा हळूहळू दुसरीकडे गेला, आणि साठच्या दशकात भाड्याच्या सहल-बोटी आल्या नसत्या तर कालवा बहुधा बुजला असता. काम अर्धवट राहिलं म्हणून जागा शाबूत राहिली. सरकारी दिरंगाईचं इतकं चांगलं फळ मी पहिल्यांदाच पाहिलं.

क्लामसी हे लाकडाचं गाव. शेजारच्या मोर्वांच्या जंगलातली जळाऊ लाकडं मालकाची खूण ठोकून ओढ्यांत सोडायचे, तळ्यांचं अडवलेलं पाणी एकदम सोडून ती वाहवायचे, इथे क्लामसीला अडवून खुणेप्रमाणे निवडायचे आणि लांबच लांब तराफे बांधून यॉन आणि सेनमधून पॅरिसला न्यायचे. सोळाव्या शतकापासून सुमारे तीनशे वर्षं पॅरिसच्या चुली या लाकडांवर पेटल्या. १७८४ मध्ये हा कालवा खणायला घेतला तोही लाकडासाठीच, धारेपलीकडचं लाकूड यॉनपर्यंत यावं म्हणून. आपण ज्या वाटेला निवांत म्हणतो ती एकेकाळची मालधक्क्याची वाट, घामाची आणि शिव्यांची.

याच क्लामसीत १८६६ साली फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ जन्मले. ताईंना हे माहीत होतं, मला नव्हतं. सासरेबुवांच्या, म्हणजे ताईंच्या दादांच्या, कपाटात त्यांचा एक जुना फोटो होता, गांधीजी आणि शेजारी शाल घेतलेला एक किडकिडीत युरोपीय माणूस. तो १९३१ च्या डिसेंबरमधला, गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्याकडे राहिले होते तेव्हाचा. गांधीजींवर, रामकृष्णांवर, विवेकानंदांवर या माणसाने फ्रेंचमध्ये पुस्तकं लिहिली. क्लामसीत त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा ते बंद झालेलं होतं. ताई दारावरच्या पाटीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "दादा असते तर मला म्हणाले असते, लवकर उठायला काय होतं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ब्रेव्ह नावाचं एवढंसं गाव लागलं. रोलाँचं दफन तिथे आहे. आम्हाला दफनभूमीत तसंही जायचंच होतं, कारण फ्रान्सच्या खेड्यात पाणी हवं असेल तर तिथे नळ शोधावा, हे लेकीने बजावून सांगितलं होतं. थडग्यांवरच्या फुलांना घालायला नळ ठेवतात. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते, ती वाचायची. मला आधी कसंतरीच वाटलं होतं, स्मशानातून पाणी भरून आणायचं म्हणजे. तिसऱ्या दिवसापर्यंत मी घंटाघराचा मनोरा दिसला की बाटली सोडवायला लागले होते. ब्रेव्हला ताईंनी थडग्यापुढे जाऊन हेल्मेट काढलं. चपला काढाव्यात की काय असा विचार करत क्षणभर थांबल्या, मग बुटांच्या नाड्यांकडे पाहून बेत सोडला. पिशवीतून मेतकुटाची पुडी काढून त्यांनी ती सरळ करून परत ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

चूक झाली ती त्याच दुपारी. कालव्याच्या काठची वाट ब्रेव्हच्या पुढे मधूनमधून खडबडीत होते, गवतात नुसत्या दोन चाकोऱ्या. दीड तास हाडं खिळखिळी करून घेतल्यावर आम्ही शेजारचा पांढरा रस्ता धरला. काय रस्ता होता! गुळगुळीत डांबर, दोन्ही बाजूंना गहू, मध्ये लाल खसखशीची फुलं, आणि अर्धा तास एकही गाडी नाही. मी गाणं म्हणत होते. एका वळणावर झाडामागून ट्रॅक्टर निघाला, थेट माझ्या समोर, माझ्याच बाजूने. मी मनात त्याला शिवी घालत ब्रेक दाबला आणि गवतात जाऊन आडवी झाले. मग उमगलं, तो त्याच्या बाजूने येत होता. डाव्या बाजूला मी होते.

कधी गेले असेन? शहरात, ओसेरमध्ये, एकदाही चुकले नव्हते. समोरून येणाऱ्या गाड्याच आपल्याला उजवीकडे दाबून धरतात. रिकामा रस्ता काही आठवण करून देत नाही. गाडी नाही, मधली पट्टी नाही, मग हातांना जी चाळीस वर्षांची सवय तिकडे ते जातात. आणि आरसा? आरसा मागचं दाखवतो. तीन दिवस मी मागून येणाऱ्या धोक्याची वाट बघत होते. शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, उतरून माझी सायकल उचलली, गुडघ्याकडे पाहून "सा व्हा?" विचारलं. आम्ही ओशाळून "सा व्हा" म्हटलं. त्याने हाताने रस्त्याची उजवी कड दाखवली, दोनदा, शाळेतल्या मुलाला दाखवावी तशी. त्या संध्याकाळी ताईंनी चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांवर पेनने 'उजवी' असं लिहिलं आणि दोघींच्या हँडलवर चिकटवलं. ज्यांना या बाजूला सायकल चालवायची असेल त्यांना माझा एवढाच उपदेश: चिकटपट्टी न्या.

कॉर्बिनीच्या मुक्कामी दुसरा धडा वाट बघत होता. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद. सोमवारी एरवीही अनेक बेकऱ्या बंद असतात, त्यात हा सोमवार पेंटेकोस्टच्या सुट्टीचा. जवळ भाजणी होती, पण घरमालकिणीच्या स्वच्छ पांढऱ्या स्वयंपाकघरात थालीपीठ थापायचं धाडस आधी झालं नाही. मग सकाळी ताईंनीच तिला विचारलं, खुणांनी. तिने तवा दिला, म्हणजे पॅनकेकचा सपाट तवा, आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसली. पहिलं थालीपीठ तिने मधावर खाल्लं. मला बघवलं नाही, पण तिने दुसरं मागितलं. तुपाऐवजी तिथल्या लोण्यावर भाजलेली ती थालीपिठं घरच्यापेक्षा चांगली झाली होती, हे ताईंना मान्य नाही. त्या दिवशी दुपारी वाटेतल्या एका खेड्यात, जिथे एकही दुकान नव्हतं, भिंतीला लावलेलं पावाचं यंत्र सापडलं. नाणं टाकलं की लांब पाव धप्पकन खाली येतो. आम्ही दोन घेतले आणि एक उभ्या उभ्याच संपवला.

आणि जिना. सार्दीपाशी साडेतीन किलोमीटरच्या आत १६ लॉक एकापाठोपाठ एक चढत जातात. ताईंनी पहिल्यापाशी सायकल हातात घेतली. चढ असा काही नव्हता, दर लॉकपाशी वाट थोडी उचलते आणि पुन्हा सपाट होते, पण त्यांना ते चालतच बघायचं होतं. प्रत्येक लॉकशेजारी रखवालदाराचं छोटं घर. काही मिटलेली, काहींत वस्ती, एका दारात विकायला मांडलेली मातीची भांडी. एक भाड्याची बोट खालून निघाली होती, तिच्यावरचं कुटुंब आणि आम्ही जवळजवळ बरोबरीने वर चढत होतो, कारण त्यांना प्रत्येक हौद भरेपर्यंत थांबावं लागत होतं. सहाव्या लॉकला त्यांच्या धाकट्या मुलाने आम्हाला चेरी दिल्या. बाराव्याला आम्ही त्यांना मेतकूट लावलेला पाव दिला. सोळाव्याला बोट जेवणाच्या सुट्टीसाठी अडकली, कारण दुपारी लॉकवालाही जेवायला जातो, आणि आम्ही जिंकलो.

वर कालवा खोल खणलेल्या घळीत शिरतो आणि मग कोलांसेलच्या तीन बोगद्यांत, त्यांतला सगळ्यात लांब ७५८ मीटरचा. बोगद्यात काठाला वाटच नाही, त्यामुळे सायकलने वरून जंगलातून जावं लागतं. तुमच्या पायाखालून, जमिनीच्या पोटातून बोटी जात असतात. ताई एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे. पाऊस इथे पडला आणि दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तर एक पॅरिसला जाईल आणि एक अटलांटिकला." नेमकी जागा तीच होती असं मी म्हणणार नाही, त्यांनाही ठाऊक होतं. पलीकडे उतरलं की बायचं तळं. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला विस्तीर्ण तळं आणि मधल्या बांधावरून वाट. तिथे बसून आम्ही दोन तास काहीही केलं नाही. गाडीचा आवाज एकदाच आला, फार लांबून, आणि तो आपल्यासाठी नाही हे कळायला मला आरशात बघावं लागलं नाही.

पुढचा बाझ्वाचा भाग कुरणांचा. पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, आकाराने आपल्या खिलारच्या दीडपट आणि स्वभावाने निम्म्या. कुंपणापाशी येऊन नुसत्या बघत राहायच्या. शातियोंच्या पुढे एक अख्खा दिवस पाऊस होता. त्याबद्दल सांगण्यासारखं फक्त एवढंच की आमचे पुण्याचे रेनकोट गळले.

दसीझच्या अलीकडे वाहतूक पुन्हा सुरू झाली. तिथल्या नियमाप्रमाणे गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं. एका ट्रकने आमच्या मागे जवळजवळ मिनिटभर पहिल्या गिअरमध्ये वाट पाहिली आणि समोरचा रस्ता मोकळा झाल्यावरच पूर्ण पलीकडून पुढे गेला. हॉर्न नाही. ताई इतक्या गडबडल्या की उतरून उभ्याच राहिल्या. त्यांना वाटलं गाडी बिघडली त्याची.

सायकलवाला ठरल्याप्रमाणे व्हॅन घेऊन लुआरच्या पुलापाशी आला. पिशव्या सोडवल्या, चिकटपट्टीचे तुकडे काढले. आरशाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, राहू दे का, पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल. मी उदारपणे हो म्हणणार होते.

"काढ गं तो," ताई म्हणाल्या. "शनिवारी तुला सिंहगड रोडला जायचंय."